साखरेचे गाणार, त्याला देव देणार

परवा डॉक्टरांनी माझा रिपोर्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "शुगर आली."

हे वाक्य ऐकण्यासाठी माझ्या आईने निम्मे आयुष्य घालवले. कंट्रोलच्या दुकानापुढच्या रांगेत कोणीतरी "साखर आली!" असे ओरडले की बायकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरे, तो मी लहानपणी या डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यामुळे जुन्या सवयीने मी विचारले, "किती मिळाली?"

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या तिथे तिसरी लिहिली.

एका शब्दाने एका आयुष्यात किती प्रवास करावा याला काही मर्यादा आहे. 'शुगर' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो दुकानाच्या फळीवर. 'व्हीट', 'राइस', 'शुगर' अशी नावे रंगवलेली आणि 'शुगर'पुढे खडूने कायमचे एक शून्य. दुसऱ्यांदा ऐकला तो गाण्यात. आता तिसऱ्यांदा ऐकतो आहे तो रक्तात. पहिल्या खेपेला ती मिळत नव्हती, तिसऱ्या खेपेला ती जात नाही. मधल्या खेपेचे मात्र कोणालाच आठवत नाही, म्हणून तिचा इतिहास लिहून ठेवावा म्हणतो.

शब्द तसा मुळात आपलाच. संस्कृतात शर्करा म्हणजे रेती, बारीक खडे. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या याच देशातली. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख नीआर्कस इकडून परत गेला तेव्हा, हिंदुस्थानात मधमाशीवाचून मध देणारा बोरू उगवतो, अशी बातमी त्याने नेली. शर्करेचे इराणात शकर झाले, अरबांनी सुक्कर केले, आणि युरोपातून फिरत फिरत ती शुगर होऊन आमच्या दुकानाच्या फळीवर आली. आपल्या खांडेचे तसेच. ती परदेशी गेली आणि कँडी होऊन चकचकीत कागदात परत आली. आपलीच पोरे परदेशी जाऊन आली की आपल्यालाच ओळखत नाहीत, ही तक्रार एकट्या माणसांबद्दल करण्यात अर्थ नाही.

आता मधली खेप. साल १९७२. महाराष्ट्रात दुष्काळ. आम्ही पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. मी बारा वर्षांचा, दादा सतरा. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला होता. पुढे त्याच वाटेने महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, साखरसम्राट झाले, त्यांची मंत्रिमंडळे झाली. सगळे झाले. आमच्या फडताळातला पत्र्याचा डबा तेवढा भरत नव्हता. १९६७ पासून सरकारची पद्धत अशी की कारखान्याची बरीचशी साखर लेव्ही म्हणून ठरल्या भावात घ्यायची आणि रेशनवर द्यायची. उरलेली कारखान्याने खुल्या बाजारात विकायची. म्हणजे साखर दोन प्रकारची होती. एक स्वस्त पण नसलेली, आणि दुसरी असलेली पण न परवडणारी.

आईने यावर तिसरा मार्ग काढला होता. रोज मुठीतली चिमूट मागे टाकायची आणि दिवाळीसाठी वेगळा डबा भरायचा. तो माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे. रोजच्या चहात गूळ. पाहुणे आले तरच साखर, आणि तीही पाहुण्यांची प्रत पाहून. नाना कचेरीतून आल्यावर चहाचा घोट घेत आणि म्हणत, "आज कोण आलं होतं?" कारण त्यांना साखरेचा चहा मिळाला तर तो पाहुण्यांच्या कपातला उरलेला असे.

दादाला साखरेचे वेड नव्हते. त्याला इंग्रजी गाण्यांचे होते. आमच्याकडे एक मोठा रेडिओ होता. तेव्हा रेडिओला लायसन लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. नानांचे म्हणणे असे की बातम्यांपलीकडे एक मिनिट जरी रेडिओ चालला तरी तो सरकारचा अपमान आहे. पण नाना कचेरीत गेले की दादा काटा सिलोनवर नेई. त्याच वर्षी त्या देशाचे नाव बदलून श्रीलंका झाले, पण आमच्या रेडिओच्या काट्याला ते कोणी कळवले नाही. तिथून खरखर, शिट्ट्या आणि समुद्राचा आवाज यांच्यामधून कधीमधी इंग्रजी गाणे येई.

एका दुपारी आई तांदूळ निवडत होती. रेडिओवर एक पोरगा गोड गळ्याने "शुगर" म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. आईच्या हातातले सूप थांबले. तिला इंग्रजी येत नव्हते, पण दुकानाच्या फळीवरचे शब्द येत होते. तिने मान वर केली आणि विचारले,

"आली का?"

दादा इतका हसला की खाटेवरून पडला. आई मात्र पिशवी शोधायला उठली होती. सरकारने निदान रेडिओवरून तरी सांगायला सुरुवात केली, याचे तिला समाधान वाटले होते.

ते गाणे आर्चीज नावाच्या मंडळींचे होते. अमेरिकेत ते १९६९ साली निघाले. पुण्यापर्यंत यायला तीन वर्षे लागली, म्हणजे बहुधा बोटीने आले असावे. पुढे मी त्याची माहिती काढली तेव्हा आश्चर्य वाटले. १९६९ हे वर्ष साधे नव्हे. जुलैत माणूस चंद्रावर उतरला. ऑगस्टात वुडस्टॉकला लाखो पोरे चिखलात बसून क्रांतीची गाणी ऐकत होती. आणि त्याच वर्षी अमेरिकेत सगळ्यात वर बसलेले गाणे कोणते? 'बिलबोर्ड'च्या वर्षअखेरच्या यादीत पहिले नाव 'शुगर, शुगर'चे आहे. विलायतेत ते आठ आठवडे पहिल्या जागेवर होते. क्रांतीच्या सभेला गेलेली माणसे घरी येऊन गुपचूप साखर खात होती, असा याचा अर्थ. आपल्याकडेही वक्ते टाळ्या घेऊन घरी गेले की आधी पेढ्याचा पुडा कुठे आहे ते विचारतात.

त्याहून गंमत अशी की आर्चीज नावाची मंडळी जगात नव्हतीच. ती व्यंगचित्रातली पात्रे. आर्ची नावाच्या लाल केसांच्या पोराची चित्रपुस्तके आपल्याकडे भाड्याच्या वाचनालयात मिळत, त्यातलीच. डॉन कर्शनर नावाचा एक गाणी-उद्योजक होता. तो आधी 'मंकीज' नावाच्या चार जिवंत पोरांची गाणी सांभाळत असे. त्या पोरांनी हट्ट धरला की आमची वाद्ये आम्हीच वाजवू, आमची गाणी आम्हीच ठरवू. त्या भांडणात १९६७ साली कर्शनरची नोकरी गेली. पुढच्या वर्षी त्याने चित्रातली मंडळी हाताशी धरली. चित्रे उलट बोलत नाहीत, पगारवाढ मागत नाहीत. गाणे लिहिले जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, गायले रॉन डँटे आणि टोनी वाइन यांनी. पण तबकडीवर नाव आर्चीजचे. गंमत म्हणजे त्याच सुमारास 'कफ लिंक्स' या नावाखालीही याच डँटेसाहेबांचे दुसरे गाणे जोरात चालले होते. बिचारा एकाच वेळी दोन नावांनी प्रसिद्ध होता आणि रस्त्यात त्याला कोणी ओळखत नव्हते.

अशा गाण्यांना तिकडे 'बबलगम' म्हणत. नाव अगदी चपखल. चघळायचे आणि टाकायचे. 'ओहायो एक्स्प्रेस' म्हणून एक मंडळी होती, त्यांच्या गाण्याचे नाव 'यमी यमी यमी'. दुसऱ्या एका मंडळीचे नावच '१९१० फ्रूटगम कंपनी'. इंग्रजी गाणी आहेत की वाण्याची यादी, असा प्रश्न पडावा. १९६३ साली 'शुगर शॅक' अमेरिकेत पहिले आले होते, १९७२ साली 'कँडी मॅन' आले. १९७४ साली विलायतेत 'शुगर बेबी लव्ह' नावाचे गाणे पहिले आले. प्रेयसीला साखर म्हणण्याची ही तऱ्हा पाहून मी लग्नानंतर एकदा आमच्या सौभाग्यवतींना "साखरे" अशी हाक मारून पाहिली. "साखरे कोण? ते तुमच्या ऑफिसातले का?" असे उत्तर आल्यावर तो प्रयोग थांबवला.

पण या गाण्यांतली खरी साखर पुढेच आहे. आर्चीजची गाणी अमेरिकेतल्या पोरांना कुठे मिळत? नाश्त्याच्या खोक्यावर! न्याहारीला दुधात टाकून खायच्या त्या गोड लाह्या. त्यांच्या खोक्याच्या पाठीवरच पुठ्ठ्याची तबकडी छापलेली असे. पोरांनी ती कात्रीने कापायची आणि रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायची. गाण्यासाठी खोका आणि खोक्यासाठी गाणे. एका बाजूने साखर पोटात, दुसऱ्या बाजूने कानात. त्या लाह्यांची नावेही बिनदिक्कत असत. 'शुगर पॉप्स', 'शुगर स्मॅक्स', 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स'. यांतल्या एकीचे तर निम्म्याहून अधिक वजन नुसत्या साखरेचे. पुढे १९८०च्या दशकात आयाबापांना साखरेची भीती वाटू लागली तेव्हा कंपन्यांनी तातडीने उपाय केला. त्यांनी नावातली साखर काढून टाकली. डब्यातली राहिली.

याच्या शेजारी आपला इतिहास ठेवून पाहा. आपली पिढी गाण्यांवर वाढली ती कोणाच्या कृपेने? 'बिनाका गीतमाला'. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बुधवारी संध्याकाळी अमीन सायानी यांचा आवाज आला की गल्ल्या ओस पडत. आणि बिनाका म्हणजे काय? टूथपेस्ट! अमेरिकेतल्या पोरांना गाणी दात किडवणाऱ्यांनी दिली आणि आम्हाला दात घासणाऱ्यांनी. दोन संस्कृतींमधला फरक सांगायला इतिहासकार जाडजूड ग्रंथ लिहितात. माझ्या मते एवढे वाक्य पुरे.

तर दादा त्या गाण्याने वेडा झाला. पण सिलोनवर ते पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही. तेवढ्यात शोध लागला की वाड्यात खाली राहणाऱ्या वकिलांच्या मुलाला त्याच्या लंडनच्या मामाने हीच तबकडी पाठवली आहे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअरही होता. वकिलांकडे पक्षकारांची वर्दळ, चहाचा रतीब, आणि साखर त्यांनाही तितकीच महाग. मुलगा वकिलाचाच. त्याने करार केला. एक वाटी साखर, तीन वेळा गाणे.

मी या गुन्ह्याचा साक्षीदार होतो. खरे तर साथीदार, कारण माळ्यावर चढायला दादा जड होता आणि मी हलका. मला मोबदल्यात गाणे ऐकायला मिळे. आम्ही दोघे खाली जाऊन भिंतीला टेकून बसत असू. पावणेतीन मिनिटांचे ते गाणे. त्या काळी रात्री नाना आणि आई दुष्काळाचे, दर वाढल्याचे, दादाच्या फीचे बोलत. आम्ही जागे असतो हे त्यांना ठाऊक नसे. त्या पावणेतीन मिनिटांत मात्र जगात दर नव्हते, फी नव्हती. एक वाटी साखरेला तीनदा हे, म्हणजे स्वस्तच होते.

दिवाळीच्या आधी आईने डबा खाली काढायला सांगितला. मीच काढला. हातात घेतल्याबरोबर तिला कळले. झाकण उघडून तिने आत पाहिले, मग माझ्याकडे, मग दादाकडे. दादाचे कान लाल झाले होते. तेवढ्यात नाना आत आले.

"काय झालं?"

"मुंग्या लागल्या साखरेला," आई म्हणाली.

नानांनी डब्यात डोकावले. "एवढी साखर मुंग्यांनी खाल्ली?"

"दुष्काळ आहे, त्यांनाही भूक लागते."

"आणि खाऊन झाल्यावर झाकण लावून गेल्या?"

"चांगल्या घरच्या असतील," आई म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

त्या दिवाळीला शंकरपाळे गुळाचे झाले. लाडू झाले नाहीत. आई आम्हाला एक शब्द बोलली नाही, आणि त्यामुळे दादा चार दिवस नीट जेवला नाही. भाऊबीजेच्या दुपारी खाली वकिलांकडे ती तबकडी लागली. आम्ही दोघे खाली मान घालून बसलो. आईने शंकरपाळ्यांची बशी आमच्यापुढे ठेवली, क्षणभर कान दिला आणि म्हणाली,

"ऐका. आपली साखर वाजतेय."

पुढे १९७८ साली जनता सरकारने साखर मोकळी केली. भाव धडाधड उतरले. आईने डबे भरले, बरण्या भरल्या, आणि तरीही चहात गूळच टाकत राहिली, न जाणो! आणि तिचेच खरे ठरले. १९७९च्या डिसेंबरात बंधने परत आली. लेव्ही पुरती उठायला २०१३ साल उजाडले. तोवर आई नव्हती.

आता साखर कोणालाच मोजावी लागत नाही, आणि म्हणूनच ती कोणी मोजत नाही. १९७०च्या सुमारास आपल्या देशात साखर दरडोई वर्षाला सहा-सात किलो पडे. गुळाचा कारभार वेगळा. आता हा आकडा वीस किलोंच्या आसपास आहे, आणि सगळ्यांत जास्त साखर खाणारा देश म्हणून जगात आपला पहिला नंबर आहे. वीस किलो म्हणजे दिवसाला तेरा-चौदा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की बारा चमच्यांच्या आत राहा, आणि सहावर थांबलात तर फारच उत्तम. तुम्ही म्हणाल, आम्ही तर चहात एकच चमचा घेतो! मीही डॉक्टरांना हेच म्हणालो. पण निम्म्याहून अधिक साखर आता घरच्या डब्यात येतच नाही. ती परस्पर कारखान्यातून बिस्किटात, सरबतात, मिठाईत जाते. नेहमीच्या कोलाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत आठेक चमचे असतात. टोमॅटोच्या सॉसमध्ये जवळजवळ चौथाई साखर. पूर्वी साखर माळ्यावर लपवीत. आता सॉसमध्ये लपवतात.

सगळा दोष साखरेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मधुमेहाला आनुवंशिकता आहे, वाढलेले पोट आहे, आणि दिवसभर खुर्चीत बसून इतिहास लिहिणे आहे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख निघाली. आपल्या प्राचीन वैद्यांनी हा रोग मुंग्यांवरून ओळखला होता. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी पाहून ठेवले होते. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आईची आठवण झाली. तिचेही निदान मुंग्यांवरच होते.

माझा नातू शाळेत जातो. २०२५ साली सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. नातवाने ही बातमी दिली तेव्हा मी विचारले, "चेअरमन कोण?" महाराष्ट्रातला माणूस दुसरे काय विचारणार? मग कळले की तो फळा आहे. कशात किती साखर असते हे मुलांना कळावे म्हणून. फळ्यावर पुन्हा शुगर! फक्त आमच्या वेळी तिच्यापुढे शून्य असे आणि ते पाहून आई खिन्न होई. आता शून्य दिसले तर सगळे टाळ्या वाजवतील.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन दादाकडे गेलो. दादाला पंचवीस वर्षे मधुमेह आहे. गेल्या वर्षी डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली, नजरही अधू झाली. खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असतो. बोलणे कमी झाले आहे. वहिनी म्हणाल्या, "हल्ली कशात लक्षच नसतं हो यांचं."

नातवाने २०२३ साली आलेला आर्चीजवरचा हिंदी चित्रपट पाहिलेला आहे, त्यामुळे ती मंडळी आपल्या पिढीची आहेत असा त्याचा समज. मी म्हटले, "यांचं एक जुनं गाणं आहे, बघ सापडतं का." दोन सेकंदांत सापडले. ना काटा फिरवणे, ना खरखर, ना साखरेची वाटी.

पहिल्या सुरालाच दादाची मान वळली. पावणेतीन मिनिटे तो हलला नाही. एका बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरला होता. गाणे संपल्यावर म्हणाला, "परत लाव." पुन्हा झाले. "परत." तिसऱ्यांदा झाले.

"वाटी संपली," मी म्हटले.

दादा हसला, बऱ्याच दिवसांनी. मग वहिनींना म्हणाला, "ते मशीन आण गं. एवढी साखर ऐकली, वाढली का बघू." वहिनींनी बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि मशीनकडे बघत बसल्या. पाच सेकंद लागतात त्याला. खोलीत सगळे गप्प. दादाने डोळे मिटले आणि हुबेहूब आईच्या आवाजात विचारले,

"आली का?"

"आली," वहिनी म्हणाल्या. "एकशे बासष्ट."